दोष फक्त इंग्रजीचा नव्हे

काका, स्पेनच्या टेनेरिफ बेटावर १९७७ साली धावपट्टीवरच डच केएलएम आणि अमेरिकन पॅन ॲम या कंपन्यांची विमानं धडकली (५८३ बळी), त्याचं सगळं खापर तुम्ही केएलएमच्या वैमानिकाच्या इंग्रजीवर फोडलंत, ते अर्धंच खरं. आपल्या ग्वाल्हेरच्या महाराजपुरा विमानतळावर जानेवारीत उतरतं तसं दाट धुकं होतं, टॉवरला धावपट्टी दिसतच नव्हती. सगळी भिस्त कानांवर. त्यात टॉवर ‘थांबा’ म्हणतोय आणि पॅन ॲम ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ सांगतंय, दोघं रेडिओवर एकदमच बोलले! केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्याची कर्कश शिट्टी झाली. तरी फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲमचं विमान बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. कॅप्टनने ठासून ‘झालंय की’ म्हटलं. तोवर केएलएमचं विमान वेग घेत होतं. कॅप्टन कंपनीतला बडा प्रशिक्षक, त्याच्याशी हुज्जत कोण घालणार? इंग्रजीची परीक्षा घेऊन हे कसं सुटेल?