मदत हवी आहे: लेकीच्या मैत्रिणीच्या बात मिट्स्वाला आहेर काय करावा?

नमस्कार मंडळी,
आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक सातवीत आहे. तिच्या जिवलग मैत्रिणीचा बात मिट्स्वा (ज्यू मुलींचा मुंजीसारखा सोहळा) पुढच्या महिन्यात आहे आणि आम्हा चौघांनाही आमंत्रण आलंय. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थना, संध्याकाळी हॉलवर जेवण. पोर कित्येक महिने हिब्रूचा सराव करतेय, त्या दिवशी सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचणार आहे. तिचं इतकं कौतुक वाटतं, की आहेरात काही चुकू नये असं मनापासून वाटतंय.

मुंजीला देतो तसं पाकीट द्यायचं ठरवलं होतं, १०१ डॉलरचं. तर ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, रक्कम १८ च्या पटीत हवी. मग ५४ चालतील का? चौघं जेवायला जाणार, कमी दिसेल ना? शिवाय सासूबाईंनी पुण्याहून लक्ष्मीचं चांदीचं नाणं मोठ्या मायेनं पाठवलंय. ते द्यावं का? आणि हे सगळं सकाळी न्यायचं की संध्याकाळी?

प्रतिसाद:
ताई, मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. 'खेत' म्हणजे ८, 'योद' म्हणजे १०. दोन्ही मिळून शब्द होतो 'खाय', जिवंत. म्हणून १८ हा आयुष्याचा आशीर्वाद. ५४ एकट्या वर्गमैत्रिणीकडून छान, पण तुम्ही सहकुटुंब जाताय तर १०८ द्या. १८ सक १०८, आणि तुमच्या जपमाळेचे मणीही तेवढेच!

नाणं मात्र नको. आमच्यात मूर्तिपूजा निषिद्ध आहे, त्यामुळे देवाची प्रतिमा असलेली भेट त्यांना अवघडवून टाकेल. ते तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. सासूबाईंच्या नावानं काही द्यायचंच असेल तर चांदीची साधी वाटी द्या.

पाकीट सकाळी नेऊ नका. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, धार्मिक घरांत पैशाला हात लावत नाहीत. संध्याकाळी द्या किंवा आधीच घरी पोचवा. सकाळी यजमान सिनेगॉगच्या दाराशी टोप्या ठेवतात, तुमच्या मिस्टरांनी त्यातली एक डोक्यावर घालावी. मुलीला 'मझल तोव', म्हणजे अभिनंदन, म्हणा, आणि कार्डावर दोन ओळी लेकीलाच लिहू द्या.

धागाकर्ती:
खूप आभार! १०८ ऐकून सासूबाई एकदम खूश झाल्या, वाटी त्याच पाठवताहेत. चेक मुलीच्या नावानं लिहू की आईवडिलांच्या?

प्रतिसाद:
मुलीच्याच. तिचा दिवस आहे.