मदत हवी आहे: आईच्या नडगीवरची जखम भरत नाहीये, सूज नाही, पू नाही

वैतागलेला_पक्या
गौरी विसर्जनाच्या दिवशी आई मोरीत घसरली, बादलीची कड नडगीला लागून सालपट निघालं. आता घट बसले तरी जखम आहे तशीच. सूज नाही, लाल नाही, पू नाही, ताप नाही. रोज धुवून मलम लावतोय. इन्फेक्शन नाही तर मग भरत का नाही? लवकर सांगा, आणि "डॉक्टरकडे जा" एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू, आमचे डॉक्टर गावाला गेलेत.

सुधाकाकू
अरे वय काय आईचं? शुगर किती? धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का? मलम कुठलं?

वैतागलेला_पक्या
वय ६८. शुगर नॉर्मल, नुकतीच तपासली. इंजेक्शन त्याच दिवशी दिलं. मलम घरातलंच, नाव पुसलंय. बाकी तिच्या नेहमीच्या गोळ्या चालू आहेत.

हळकुंड
हळद साजूक तुपात कोमट करून भरा, चार दिवसांत खपली धरेल. अमेरिकेनं उगाच पेटंट दिलं होतं का जखमेवरच्या हळदीला १९९५ मध्ये? माशेलकरांनी लढून रद्द करून घेतलं.

निवृत्त_ड्रेसर
१९९७ ला रद्द झालं ते हळद लावायची पद्धत जुनीच आहे, नवीन शोध नाही म्हणून. जखम भरते हे काही त्यात सिद्ध झालं नाही. डब्यातली हळद उघड्या जखमेत भरू नका, नंतर धुताना आमची दमछाक होते.

मोकळी_हवा
झाकूच नका, उघडी ठेवा, वाळली की आपोआप भरते. नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, फेस आला की घाण निघते.

निवृत्त_ड्रेसर
फेस आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या एन्झाइममुळे येतो, घाण असो वा नसो, आणि रोज ओतलं तर नव्या पेशीही मरतात. वाळवायचं म्हणाल तर विंटर नावाच्या संशोधकानं १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलंय की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं येते.

मोकळी_हवा
आम्ही काय डुकरं आहोत का!!

पेशीपुराण
भांडा नंतर. पक्या, पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी तरी सूज, लाली आली होती का? ती यायलाच हवी. लागलं की रक्त गोठतं, हिस्टामिन नावाचं रसायन सुटून बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून लाल, गरम, सुजलेलं दिसतं. त्याच वाटेनं आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, दोनेक दिवसांनी मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी. मॅक्रोफेज मेलेला भाग खाऊन साफ करतात आणि फायब्रोब्लास्टना, म्हणजे नवीन धागे बनवणाऱ्या पेशींना, बोलावतात, मग ते कोलाजेन म्हणजे कातडीचे प्रथिनांचे धागे विणतात. पहिला टप्पाच दबला तर पुढचं सगळं रखडतं. आणि "नेहमीच्या गोळ्या" म्हणजे कुठल्या?

वैतागलेला_पक्या
सूज आलीच नाही, आम्हाला बरंच वाटलं. गोळ्या संधिवाताच्या. प्रेडनिसोलोन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. त्याचा काय संबंध?

सुधाकाकू
अरे देवा. प्रेडनिसोलोन म्हणजे रोज स्टेरॉइड चालू आहे आणि तू शुगरचं सांगतोयस!

पेशीपुराण
सगळा संबंध तिथेच आहे. स्टेरॉइड ही सूज आणि लालीच दाबतं, म्हणून तर सांधे दुखायचे थांबतात. पण जखमेलाही तेच लागू, शिवाय कातडी पातळ होते. म्हणजे लाली नाही, ताप नाही यावरून इन्फेक्शन नाही असं धरू नकोस, लक्षणंही दबतात. गोळी मनानं बंद करायची नाही, अचानक सोडली तर प्रेशर एकदम पडू शकतं. संधिवाताच्या डॉक्टरांना आजच फोन कर. घोट्याशी सूज, फुगलेल्या शिरा आहेत का तेही त्यांना सांग, नडगीच्या जखमा त्यामुळेही रेंगाळतात.

निवृत्त_ड्रेसर
ट्यूब उजेडात धरून बघ, मागे बारीक अक्षरात घटक असतात.

वैतागलेला_पक्या
बीटामेथासोन आणि निओमायसिन दिसतंय. वडिलांच्या खाजेचं होतं.

निवृत्त_ड्रेसर
म्हणजे पोटातून स्टेरॉइड आणि वरूनही स्टेरॉइड. ते आधी बंद. सलाइनच्या पाण्यानं धुवा, न चिकटणारी ड्रेसिंगची जाळी लावा, वर गॉज, पट्टी आवळू नका. काळं पडलं, वास आला, दुखणं वाढलं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

वैतागलेला_पक्या
फोन लागला, उद्या सकाळचा नंबर मिळालाय. गोळी चालूच ठेवायला सांगितली, मलम बंद.

हळकुंड
हळद दुधातून तरी द्या.

नवी_सून
विषय निघालाच आहे तर, माझ्या बहिणीच्या कानाला टोचलं तिथे गाठ आलीये आणि वाढतच चाललीये, कुणाला अनुभव?