‘कमीत कमी’ म्हटलं की चिन्ह कोणतं? शाब्दिक उदाहरणांतल्या असमानता

प्रश्न:
टाकीत ५०० लिटर पाणी आहे. पंप मिनिटाला १८ लिटर उपसतो. टाकीत कमीत कमी १४० लिटर शिल्लक राहायला हवं, तर पंप किती मिनिटं चालवता येईल? मिनिटांना क्ष धरून मी ५०० − १८क्ष ≥ १४० असं मांडलं, उत्तर क्ष ≥ २० आलं. हे उलटंच वाटतंय. मांडणी चुकली का?

उत्तर १:
मांडणी बरोबर आहे, घोळ शेवटच्या पायरीत झालाय. −१८क्ष ≥ −३६० इथवर ठीक. पुढे −१८ ने भागताना चिन्ह फिरवायचं राहिलं: क्ष ≤ २०. २ < ५, पण −२ > −५. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की संख्यारेषेवरचा क्रमच उलटतो. बेरीज-वजाबाकीत तसं होत नाही, दोन्ही बाजू सारख्याच सरकतात.

तुमच्या उत्तरातली एखादी किंमत घालून बघायची, उदाहरणार्थ ३०. ५०० − ५४० = −४०. टाकीत उणे चाळीस लिटर!

उत्तर २:
ऋण सहगुणक (क्षला जोडलेली उणे संख्या) नकोच असेल तर १८क्ष उजवीकडे न्या: ५०० ≥ १४० + १८क्ष, म्हणजे ३६० ≥ १८क्ष, म्हणजे २० ≥ क्ष. फक्त हे लिहिताना बाजू बदलल्या तर चिन्हही वळवा: क्ष ≤ २०. बरेच जण नेमके इथे घसरतात.

तुमचं चिन्ह बरोबर होतं, पण मांडणीतली नेहमीची चूक आपल्या भाषेमुळेच होते. ‘कमीत कमी’त ‘कमी’ दिसलं की हात ≤ कडे जातो, ‘जास्तीत जास्त’ वाचून ≥ कडे. खरं तर नेमकं उलट हवं. ‘पेक्षा कमी नसावे’ म्हणजेही ≥. नुसतं ‘पेक्षा जास्त’ असेल तर >, बरोबरी चालत नाही. म्हणून संख्यारेषेवर त्या संख्येपाशी पोकळ वर्तुळ.

प्रश्नकर्ता:
समजलं. उत्तर अपूर्णांकात आलं तर?

उत्तर १:
मिनिटं असतील तर अपूर्णांक चालतो, नग असतील तर नाही. लिफ्टची मर्यादा ६०० किलो, आत ७० किलोचा माणूस, प्रत्येक खोकं २४ किलो: ७० + २४क्ष ≤ ६००, क्ष ≤ २२.०८... म्हणून २२ खोकी. याउलट ३१० जणांसाठी ४५ आसनांच्या बस: ४५क्ष ≥ ३१०, क्ष ≥ ६.८८... म्हणून ७. जवळचा पूर्णांक घेण्याची सवय इथे कामाची नाही. ≤ असेल तर खाली, ≥ असेल तर वर.

उत्तर ३:
न लिहिलेल्या अटीही बघा. तीन चाचण्यांत ६२, ७१, ६८. चौथीनंतर सरासरी कमीत कमी ७६ हवी. (२०१ + क्ष) ÷ ४ ≥ ७६, म्हणून क्ष ≥ १०३. चाचणी १०० गुणांची असेल तर हे शक्यच नाही.