मदत हवी आहे : गुन्ह्याचा शिक्का पुसल्यावर संरक्षण कसे मिळेल?

देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींच्या संरक्षणाविषयी मी एक टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर माझा विचार अडला आहे. जाणकारांनी मदत करावी, ही विनंती. स्वीडनने १९९९ पासून सेवा विकणाऱ्याला मोकळे ठेवून ती विकत घेणाऱ्याला दोषी ठरवले, आणि पुढे नॉर्वे व फ्रान्सनेही तोच मार्ग धरला. मागणी घटल्याशिवाय मानवी तस्करी थांबणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद मला मुळीच हलका वाटत नाही. मात्र पकडले जाण्याच्या भीतीने ग्राहक आडबाजूला, घाईघाईने व्यवहार उरकू पाहत असेल, तर समोरच्या माणसाची पारख करायला किंवा निरोधाचा आग्रह धरायला त्या बाईला (या व्यवसायात पुरुष आणि तृतीयपंथीही आहेत, हे फार लवकर विसरले जाते) सवड कुठून मिळणार?

न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांचा हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढला, आणि ग्राहकाला नकार देण्याचा हक्कही कायद्यात लिहिला. मला हीच दिशा अधिक माणुसकीची वाटते. तरीही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तेथे हे काम करण्यास मनाई आहे. म्हणजे ज्यांची पिळवणूक सर्वांत सहज होऊ शकते, त्यांनाच मारहाण झाली किंवा त्यांचे पैसे बुडवले गेले, तर पोलिसांकडे जाताना हद्दपारीची धास्ती वाटणार. तस्करीविरोधी कारवाई सैल न करता अशा स्थलांतरितांना निर्धास्तपणे तक्रार करता यावी, यासाठी कायद्यात नेमकी कोणती तरतूद असावी? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.