निर्णयसागरचा टाइप नेमका कोणाचा म्हणायचा?

अक्षरशोधक (प्रश्न)

मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी टाइपवर छोटा प्रबंध लिहीत आहे. आराखड्यातील ‘अक्षररचनाकार’ या रकान्यात मी जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांचे नाव लिहिले, पण वाचन वाढत गेले तसे ते नाव तिथे एकटे ठेवणे अवघड वाटू लागले. १८६४ मध्ये टाइप फाउंड्री (टाइप ओतण्याचा कारखाना) आणि १८६९ मध्ये छापखाना त्यांनीच काढला, हे खरे. परंतु ही विद्या ते मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकले, जिथे टॉमस ग्रॅहम यांनी मराठी खिळ्यांवर, म्हणजे शिशात ओतलेल्या सुट्या अक्षरांवर, आधीच काम केले होते; आणि निर्णयसागरसाठी पंच (अक्षरांचे मूळ पोलादी ठसे) कापले ते राणोजी रावजी आरू यांनी. मग त्या रकान्यात मी काय लिहावे?

जुना जुळारी

आपला प्रश्न योग्य आहे, पण आपण अजून माणसांपाशीच थांबला आहात. जरा केसकडेही, म्हणजे खिळे ठेवण्याच्या घरांच्या पेटीकडेही, पाहा. मी अनेक वर्षे खिळे जुळवले आहेत. डिग्री पद्धतीत अक्षराचा खिळा वेगळा आणि वरची मात्रा, रफार, अनुस्वार किंवा खालचा उकार यांचे बारीक खिळे वेगळे असत. खिळे थोडे झिजले की शिरोरेषा आणि मात्रा यांच्यात केसाएवढी फट पडे, आणि ती वाचकाच्या डोळ्यांना खुपे. उलट अक्षर मात्रा-उकारासकट एकाच खिळ्यावर ओतले की फट जाई, पण खिळ्यांची संख्या इतकी वाढे की जुळाऱ्याचा हात केसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राही. उकार किती खोल न्यायचा, वेलांटी किती उंच वळवायची, हे कारागिराची नजर ठरवीत असे, तसेच शिसे आणि केसमधील घरेही ठरवीत असत.

पोथीवाचक

याला ग्राहकाची बाजू जोडावी लागेल. १८८६ पासून निर्णयसागरने ‘काव्यमाला’ ही संस्कृत काव्यांची ग्रंथमाला काढली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. मराठी मजकुरात क्वचितच लागणारी जोडाक्षरे संस्कृत काव्यात पानोपानी येतात, त्यामुळे असा ग्रंथ हाती घेणाऱ्या फाउंड्रीला ती जोडाक्षरे पुरवणे भागच असते. पंडिताने मुद्रितावर (तपासणीच्या छापील प्रतीवर) मारलेली खूणही म्हणूनच टाइपच्या इतिहासाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. याच ग्रंथांबरोबर मुंबई वळणाचे अ, झ आणि ण काशीच्या वाचकापुढे गेले. तिकडच्या जुन्या छापील ग्रंथांत या तिन्ही अक्षरांची वळणे वेगळी असत. पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेत मुंबईची वळणे आली. त्याचे श्रेय एकट्या निर्णयसागरला देता येणार नाही, पण ग्रंथ जिथवर जातो तिथवर अक्षराचे वळणही जाते.

ठसा

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, तरीही एक काळजी वाटते. टाइप म्हणजे अनेकांच्या कामाचे जाळे आहे असे म्हटले की ज्याचे नाव आधीच कमी घेतले जाते, तोच त्यात पहिला हरवतो. पंच कापणे म्हणजे पोलादाच्या कांबीच्या टोकावर उलटे अक्षर कोरणे. ते दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा पाहायचा, पुन्हा कानस चालवायची, पुन्हा ठसा पाहायचा. मनासारखे झाले की तो पंच तांब्यात ठोकायचा आणि त्या खोबणीत शिसे ओतायचे. एकदा जास्त कापले गेलेले पोलाद परत येत नाही. बोरूच्या तिरप्या टोकाने येणारा जाड-बारीकपणा या कामातून शिशात उतरतो, तो कोणाच्या तरी मनगटामुळेच. म्हणून ग्रॅहम, जावजी, पंडित, जुळारी सर्वांची नोंद अवश्य करा, पण कोणी काय केले हे क्रियापदासह लिहा: आरूंनी कापले, जावजींनी भांडवल आणि दृष्टी दिली, पंडितांनी मागणी केली.

अक्षरशोधक

सर्वांचे मनापासून आभार. ‘अक्षररचनाकार’ हा रकाना मी काढून टाकत आहे आणि त्याऐवजी ‘कोणी काय केले’ असा तक्ता करत आहे. पहिले प्रकरण एकट्या ‘अ’वर असेल: आरूंच्या पंचापासून केसमधील घरापर्यंत आणि तिथून काव्यमालेच्या पानापर्यंत. जुळारीकाका, आपल्याकडे झिजलेले मात्रांचे खिळे अजून जपलेले असतील, तर त्यांची छायाचित्रे काढायला मी येऊ शकतो का?