मदत हवी आहे: स्लीपमध्ये जाताना ब्लू स्क्रीन, वाय-फाय ॲडॅप्टर बदलूनही फरक नाही

नमस्कार. मी कोल्हापुरात डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि एक मासिक हे सगळे ज्या एका संगणकावर चालते, तो गेले तीन आठवडे अधूनमधून कोसळतो आहे. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी मदरबोर्ड बदलायला सांगितले आहे. तो खर्च करण्यापूर्वी जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा काढत आहे.

संगणक जुळवून घेतलेला आहे: दहाव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. दुकानात राउटर दुसऱ्या टोकाला असल्यामुळे इंटरनेटसाठी यूएसबीचे वाय-फाय ॲडॅप्टर लावले आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर मी विंडोज ११ घेतले, मात्र नव्याने न टाकता जुन्यावरच अपग्रेड केले, कारण फॉन्ट आणि सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला मला दोन दिवस लागले असते.

होते असे की दुपारी जेवायला उठताना मी संगणक स्लीपमध्ये टाकते. पडदा काळा होतो, पण कॅबिनेटचा पंखा फिरतच राहतो आणि एरवी स्लीपमध्ये मंद लुकलुकणारा दिवा स्थिर जळत राहतो. जेवून परत यावे तर संगणक स्वतःच पुन्हा सुरू होऊन पासवर्ड मागत बसलेला असतो, आणि उघडी ठेवलेली फाइल शेवटच्या सेव्हपर्यंत मागे गेलेली असते. आजवर असे ९ वेळा झाले. त्याखेरीज दोन वेळा काम चालू असतानाच, छापखान्याला मोठी पीडीएफ पाठवत असताना, ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळल्याची सूचना देणारा पडदा, आला. स्लीपच्या वेळच्या ९ नोंदींत ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असे असून क्रमांक ९एफ आहे. उरलेल्या दोन नोंदींत ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, क्रमांक डी१, आणि त्याखाली एनडीआयएस.सिस या फाइलचे नाव आहे.

आतापर्यंत केलेले उपाय सांगते. रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले, चारही फेऱ्यांत एकही चूक निघाली नाही. एसएफसी स्कॅन केले, त्यातही विंडोजच्या फाइली शाबूत असल्याचे कळले. वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणारे सॉफ्टवेअर, तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांचा टाकून पाहिला. शेवटी वैतागून दुसऱ्या कंपनीचे ॲडॅप्टरच विकत आणले, तरी दोन दिवसांनी तोच ९एफ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले तेव्हा कित्येक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख दिसली. इतके जुने ड्रायव्हर हेच कारण असू शकेल का? आणि एनडीआयएस.सिस ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आणून बदलली तर चालेल का?

प्रतिसाद १

रॅम काढून, खोडरबरने पट्ट्या पुसून पुन्हा बसवा. नाही जमले तर एखादे ड्रायव्हर अपडेट करणारे सॉफ्टवेअर चालवून सगळे ड्रायव्हर एकदम ताजे करून घ्या. तेही नाही जमले तर फॉरमॅट.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्यातील दुसरा भाग कृपया करू नका. अशी सॉफ्टवेअरे पुष्कळदा जवळपास जुळणारा ड्रायव्हर बसवून मोकळी होतात, आणि मग मूळ दोष कोणता व नवा कोणता हे ओळखणे अवघड होऊन बसते. २१ जून २००६ या तारखेचीही काळजी नको. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर हीच तारीख मुद्दाम टाकलेली असते, म्हणजे उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर उपलब्ध असल्यास तो आपोआप अधिक नवा ठरून त्याला पसंती मिळते. ड्रायव्हर ताजा असला तरी तारीख हीच दिसते.

एनडीआयएस.सिस बदलण्याचा विचारही सोडून द्या. ती मायक्रोसॉफ्टची फाइल आहे आणि विंडोजमधली नेटवर्कची सगळी वाहतूक तिच्यातून जाते. अपघात ज्या रस्त्यावर झाला त्याचे नाव तुम्हाला पडद्यावर दिसले आहे, धडक देणारी गाडी दुसरीच असू शकते. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. पानमांडणीचे सॉफ्टवेअर अडकले तर तेवढी एक खिडकी बंद पडते, पण कर्नलमध्ये कोणी दुसऱ्याच्या स्मृतीत पाय टाकला तर माहितीची नासाडी होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच सगळे काम थांबवते. पाय टाकणारा आणि तेव्हा काम करत असलेला हे एकच असतील असे नाही.

तुमच्या मजकुरातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात. ॲडॅप्टर दुसऱ्या कंपनीचे, त्याचा ड्रायव्हर वेगळा, आणि तरीही दोष तोच. म्हणजे दोन्ही ॲडॅप्टरांना समान असलेले काहीतरी वर बसलेले आहे. मदरबोर्डकडे जाण्याआधी ते शोधायला हवे.

त्यासाठी सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात मिनीडम्प नावाचे फोल्डर पाहा, संगणक कोसळतानाच्या स्थितीची नोंद असलेल्या डम्प फाइली तिथे असतात. मायक्रोसॉफ्टचे विनडीबग हे साधन फुकट मिळते, त्यात ९एफची एखादी डम्प फाइल उघडा आणि त्या त्रुटीसोबत नोंदलेल्या चार आकड्यांपैकी, म्हणजे पॅरामीटरांपैकी, पहिला ३ आहे का ते पाहा. असल्यास त्याचा अर्थ असा की झोपण्यापूर्वी विंडोजने एका उपकरणाला ‘वीज कमी करतो आहे’ अशी विनंती पाठवली आणि ती ठरावीक वेळेत पूर्ण झाली नाही. चौथा पॅरामीटर हा त्या अडकलेल्या विनंतीचा पत्ता असतो. उद्गारचिन्ह, त्याला जोडून आयआरपी आणि पुढे तो पत्ता अशी आज्ञा दिली की विनंती कोणत्या ड्रायव्हरापाशी थांबली ते दिसते. एक विनंती: संगणक ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअरे डम्प फाइली पुसून टाकतात, तेव्हा सध्या तसे काही चालवू नका.

शिवाय विंडोज ११वर येण्याआधी एखादा अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन काढून टाकला होता का, तेही सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सविस्तर उत्तराबद्दल आभार. तीन डम्प फाइली उघडल्या. तिन्हींत पहिला पॅरामीटर ३ आहे. पहिल्या दोन फाइलींत विनंती जुन्या ॲडॅप्टरच्या ड्रायव्हरापाशी थांबलेली दिसते, तिसऱ्या फाइलीत नव्या ॲडॅप्टरच्या. म्हणजे दोन्ही ॲडॅप्टर सदोष, असेच ना?

अँटिव्हायरस होता. त्याची मुदत संपल्यावर मी तो कंट्रोल पॅनेलमधून रीतसर काढला आणि त्यानंतर काही महिन्यांनी अपग्रेड केले. आता यादीत त्याचे नाव कुठेही नाही.

प्रतिसाद २

दोन्ही ॲडॅप्टर सदोष नसावेत. ॲडॅप्टर झोपायला निघाले की एनडीआयएस त्याच्यावर बसलेल्या प्रत्येक फिल्टरला ‘हातातली पाकिटे परत करा आणि थांबा’ असे सांगते. पाकिटे म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे छोटे गठ्ठे. फिल्टर म्हणजे येणारी-जाणारी पाकिटे तपासणारा छोटा ड्रायव्हर. अँटिव्हायरस, व्हीपीएन आणि काही फायरवॉल असे फिल्टर बसवतात. त्यातल्या एकाने जरी पाकीट परत केले नाही, तरी वाट पाहण्याची पाळी ॲडॅप्टरच्या ड्रायव्हरावर येते आणि नावही त्याचेच लागते. जुना फिल्टर नव्या विंडोजमध्ये असा बेभरवशाचा वागला, तर काम चालू असताना डी१ येणेही त्यात बसते.

आता रन खिडकीत एनसीपीए.सीपीएल लिहून नेटवर्कची उपकरणे उघडा, वाय-फायवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. टिक केलेल्या ओळींची जी यादी दिसेल तिच्यात त्या अँटिव्हायरसच्या कंपनीचे नाव असलेली ओळ आहे का पाहा. असल्यास आधी फक्त टिक काढा, लगेच अनइन्स्टॉल करू नका. एका वेळी एकच बदल केला तर कारण नक्की कळते.

ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचे साधनही आहे, पण ते आत्ता नको. संशयित ड्रायव्हराकडून चूक व्हावी म्हणून ते त्याच्यावर मुद्दाम ताण आणते. त्यामुळे संगणक सुरू होतानाच कोसळू शकतो, आणि सेफ मोडमध्ये जाऊन ते बंद कसे करायचे हे आधी ठाऊक नसेल तर पंचाईत होते.

प्रतिसाद ३

माझी एक भर. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण बंद होणे नव्हे. कर्नलचा भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. ड्रायव्हरमध्ये काहीही बदल केल्यावर शटडाउनऐवजी रीस्टार्ट करावे, नाहीतर ‘बदल केला तरी फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सुरक्षा सॉफ्टवेअर इतके नुकसान कसे करील, असे वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. त्या दिवशी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले, आणि कारण होते एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कर्नल ड्रायव्हराला मिळालेली सदोष फाइल.

धागाकर्तीचा प्रतिसाद, आठ दिवसांनी

ओळ सापडली. यादीत वरून तिसरी, अँटिव्हायरसच्या कंपनीचे नाव, पुढे ‘नेटवर्क फिल्टर’ असे शब्द आणि टिक तशीच. फाइलीच्या तपशिलात २०१७ सालाची तारीख होती. टिक काढली, रीस्टार्ट केले आणि त्या दिवशी मुद्दाम १४ वेळा संगणक स्लीपमध्ये टाकला. प्रत्येक वेळी पंखा थांबला आणि दिवा लुकलुकू लागला. पुढचे सहा दिवसही एकदाही ब्लू स्क्रीन आला नाही. मग खात्रीसाठी पुन्हा टिक केली, तर दुसऱ्याच दुपारी ९एफ हजर.

कंपनीचे काढून टाकण्याचे वेगळे साधन उतरवून घेतले, परंतु ‘उत्पादन सापडले नाही’ एवढेच सांगून ते थांबले. आता ती फाइल सिस्टिम३२मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरातून हाताने पुसू का? टिक काढून ठेवली आहे, तेवढे पुरेसे नाही का?

प्रतिसाद २

पुन्हा टिक करून पाहिलेत हे फार चांगले केले, कारण आता शंकेला जागा उरली नाही.

टिक काढणे त्या एका ॲडॅप्टरापुरतेच असते. उद्या दुसरे ॲडॅप्टर लावलेत की फिल्टर त्यावर पुन्हा बसेल. फाइल मात्र हाताने पुसू नका. नेटवर्कच्या मांडणीत तिची नोंद शिल्लक राहते, आणि जो फिल्टर सापडत नाही त्याच्यासाठी संपूर्ण नेटवर्कच अडून बसण्याचा धोका असतो. आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडल्यास आजच्या स्थितीत परत येण्याची सोय, तयार करा. मग प्रॉपर्टीजच्या त्याच यादीत ती ओळ निवडून खालचे अनइन्स्टॉल बटण वापरा. नेटवर्क काही सेकंद जाईल, ते अपेक्षितच आहे. त्यानंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयुटिल या विंडोजच्याच साधनाने बाहेरच्या ड्रायव्हरांची यादी काढा आणि त्या कंपनीचे पॅकेज उरले असेल तर त्याच साधनाने, ओईएम आणि आकडा असे जे नाव दिसेल ते देऊन, काढून टाका. नाव दोनदा वाचूनच एंटर दाबा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

अनइन्स्टॉल झाले. यादीत पॅकेज ओईएम२७ या नावाने उरलेले होते, तेही काढले. जुने ॲडॅप्टर परत लावून पाहिले, तेही व्यवस्थित झोपते आणि उठते, म्हणजे नवे उगाच घेतले गेले. मदरबोर्डचा विचार रद्द केला आहे. शीर्षकात ‘सुटले’ असे लिहायचे आहे, पण मला संपादनाची सोय दिसत नाही. व्यवस्थापकांनी कृपया तेवढा बदल करावा.