मदत हवी आहे: स्पीकरची वायर, डाग देऊ का थिंबल दाबू?

पऱ्हाटी_वणी
लवकर सांगा, गाडीचं दार खोलून बसलो आहे. चार नवे स्पीकर आणले. एक जण म्हणते डागच पक्का, म्हणजे कथील वितळवून जोडायचं. दुसरा म्हणते गाडीत डाग चालतच नाही, थिंबल घाल, म्हणजे धातूची बारीक नळी वायरीवर दाबून बसवायची. मागचा जोड सहा महिन्यात गेला. पहाटे मामेभावाची वरात घेऊन निघायचं आहे.

तर्री_पोहा
गाडी कोणती? वायर किती एमएमची? मागचा जोड डागाचा होता का थिंबलचा? अर्धं पोटात ठेवून विचारून राहिला भाऊ.

निवृत्त_वायरमन
डागच. वायर आधी घट्ट पिळायची, मग कावीनं, म्हणजे डाग द्यायच्या गरम सळईनं, वायर तापवायची आणि कथील वायरीला टेकवायचं, कावीला नाही. राळेचं सोल्डर घ्या. पत्र्याच्या कामाचं आम्ल लावाल तर तांबं हिरवं पडेल आणि जोड आतून कुजेल. वरून हिट श्रिंकची नळी, गरम केली की आवळते ती. पण ती जोडायच्या आधी वायरीत ओवायची, नाहीतर सगळं झाल्यावर कपाळावर हात.

गॅरेज_दिग्रस
काका, रेडिओत ठीक आहे. गाडी हादरते. कथील वायरीच्या आत चढते अन् तेवढा तुकडा काडीसारखा कडक होते. कडक संपून मऊ वायर जिथं सुरू होते, नेमकी तिथंच मोडते. थिंबल वायरीच्या मापाचं घ्या अन् खटक्याची पक्कड वापरा, पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही ती. साध्या पकडीनं चेपलेलं थिंबल म्हणजे नुसती टोपी. दाबलं की ओढून पाहा.

निवृत्त_वायरमन
जोडाच्या दोन्ही अंगाला वायर पट्टीनं बांधली तर मोडेल कशी? दोष डागाचा नाही, लोंबत्या वायरीचा आहे.

उन्हाळा_चंद्रपूर
आमच्याकडच्या उन्हात डाग वितळून जाते. थिंबलच.

निवृत्त_वायरमन
नेहमीचं कथील 183 अंशांच्या पुढं वितळते. मे महिन्यात चंद्रपूर 47 ला गेलं तरी दारात तेवढं तापत नाही. वितळते तो काळ्या टेपचा गोंद.

पऱ्हाटी_वणी
बोलेरो, 2011 ची. वायर दुकानदारानं दिली ती, एमएम नाही विचारले. अन् मागच्या वेळी तालुक्याच्या एका दुकानात नुसता पीळ देऊन टेप गुंडाळला होता. मले वाटलं यात काय सांगायचं. खड्ड्यात गेली का ड्रायव्हर बाजूचा आवाज बंद, दुसऱ्या खड्ड्यात चालू. कोळशाच्या ट्रकांच्या रोडवर खड्ड्यांची कमी नाही.

तर्री_पोहा
घ्या! इथं डाग-थिंबलची कुस्ती चालू अन् जुन्यात दोन्ही नव्हतं. दार उघडता-लावताना आवाज जाते का? तसं असेल तर दार अन् खांबाच्या मधात रबराची नळी आहे, ती ओढून पाहा. रोज वाकून वाकून वायर तिथंच तुटते. नवा जोड कोणताही असो, त्या नळीत ठेवू नका.

बेसवेडा
स्पीकर बदलून काही होत नाही. आधी आवाज वाढवायचा अँप घ्या, दाराला आतून हादरा दाबणारी डॅम्पिंग शीट लावा. मी तर डिक्कीत 12 इंची वूफर…

पऱ्हाटी_वणी
अँप नको बावा, वरात आहे. नळी काढली. हाव, एक वायर आतून तुटलेली निघाली. पण नव्या वायरीवर डाग बसतच नाही, कथील गोळी होऊन खाली पडते. कावी गरम आहे.

गॅरेज_दिग्रस
ब्लेडनं एक बारीक तार खरवड. आतून पांढरी निघाली तर वरून तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम.

पऱ्हाटी_वणी
पांढरी! पैसे मात्र तांब्याचे घेतले.

निवृत्त_वायरमन
मग त्या वायरीला डागही नको अन् थिंबलही नको. शेतात बोअरच्या मोटरची चपटी केबल उरली असेल ना? तीही खरवडून पाहा. तांब्याची असली तर वरची साल सोलून आतल्या वायरी काढा. दीड एमएमची असेल तर दाराच्या स्पीकरला भरपूर झाली.

गॅरेज_दिग्रस
काका, ही गोष्ट मानली. अन् स्पीकरची उणे वायर बॉडीला लावू नको रे. बऱ्याच स्टिरिओत ती अर्थिंग नसते, आउटपुट जळते.

पऱ्हाटी_वणी
केबल सापडली, तांब्याचीच. पण लाईन गेली. कावी थंड. शेजाऱ्याकडून खटक्याची पक्कड आणून मोबाइलच्या उजेडात थिंबल दाबून राहिलो.

संत्रा_बर्फी
वरात कुठं आहे? पंगतीत वांग्याची भाजी असेल तर पत्ता टाका.

पऱ्हाटी_वणी
चारही स्पीकर वाजले. पण सगळे मिळून वाजवले का धमक कमी. एकेक वाजवला तर बरोबर.

तर्री_पोहा
एखाद्याची अधिक-उणे उलटी झाली. प्रत्येकाची वायर स्टिरिओच्या बाजूनं सोडून तिथं घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव, सेलची अधिक बाजू अधिकच्या वायरीला. स्पीकरचा कागद बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलट.

पऱ्हाटी_वणी
मागचं डावं उलटं होतं. आता मस्त. दार लावतो, पहाटेचे 4 वाजून राहिले.

निवृत्त_वायरमन
लाईन असती तर डागच दिला असता. पावसाळ्यानंतर सांगा थिंबलचं काय झालं ते.